शिवेपर्यंत

१

आमच्या घरात दिवस अव्वाच्या आंघोळीनं सुरू होतो. अव्वा म्हणजे माझी आई, उमादेवी. घरात चांगला गीझर आहे, पण ती माहेरच्या पितळी बादलीतच पाणी काढते, आणि पहिला तांब्या अंगावर घ्यायच्या आधी तो बादलीच्या काठावर टणटण वाजवते. तिच्या लहानपणी खेड्यात न्हाणीत विंचू निघायचे. आवाज केला की ते वाटेला लागतात म्हणे. उदगीरच्या आमच्या घरात खाली गोडाऊन आहे आणि राहायचं वर. विंचवाला यायचं तर जिना चढावा लागेल, हे मी तिला कितीदा सांगितलं. "चढंल की," ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा त्याला पाय जास्त हायेत."

आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातली चांदीची डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच चहा. लिंगायतांच्या घरात यात नवल नाही. पण अव्वाचं जरा जास्तच. दवाखान्यात एक्स-रे काढतानाही तिनं ती डबी मुठीत घट्ट धरली होती. गळ्यातून उतरलेली मी ती कधी पाहिली नाही.

दुसरी तिची रीत म्हणजे जंगमाचं ताट. स्वयंपाक झाला की पहिलं ताट वाढून पुढच्या खोलीत ठेवायचं. दारी आमचा कुणी फिरता स्वामी, म्हणजे जंगम आला, वाटसरू आला, तर ते त्याचं. आजकाल कोण येतो? मग दुपारी दुकानातून आलो की ते ताट मी जेवायचो, आणि वर आपलं वेगळं जेवायचोच. माझ्या पोटाचा घेर देवाच्या कृपेनं वाढलाय, असं माझी बायको दामिनी सगळ्यांना सांगते.

मी अमरेश. स्टीलच्या भांड्यांचा धंदा. ताट हातात आलं की ते तिरकं धरून त्यात आपलं तोंड बघायचं, ही माझी सवय. तोंड सरळ दिसलं तर पॉलिश चांगलं. जेवायच्या ताटातही मी बघतो. सांगायचं कारण पुढं येईल.

२

गेल्या दिवाळीत पाडव्याला नव्या शोरूमचं उद्घाटन होतं. मंडपवाला बालाजी म्हणाला, "सनई समदेच लावतात, सावकार. आपन किनवटकडनं गोंडांची दंडार आनू. गर्दी फुटंल."

दंडार म्हणजे त्यांचा नाचाचा मेळा; दिवाळीच्या दिवसांत ती मंडळी नाचत गावोगावी पाहुणी जातात. त्यांचे म्होरके सोनेराव मडावी. फोनवर त्यांनी एकच गोष्ट विचारली, "नाचाया बोलवून राहिले का पाव्हणं म्हणून बोलवून राहिले?"

"पाहुणे म्हणून," मी म्हणालो. भांड्याच्या दुकानदाराला असं बोलायला काय लागतं?

ते आले. अंगाला राख फासलेली, पायात चाळ, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. रस्ता अडला. लोकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. माझा व्हिडिओवाला उशिरा आला म्हणून मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून नाचायला लावलं. सोनेरावांच्या तोंडावरची राख घामानं ओघळत होती, ती त्यांनी मनगटानं पुसली आणि ढोलवाल्याला खूण केली.

जेवण आमच्या घरी होतं. अव्वानं हुग्गी केली होती, गव्हाची खीर. दारात उभी राहून ती एकेकाला "बर्री, बर्री" करत होती. तिचं माहेर सीमेवरचं. पाहुणा दिसला की तिच्या तोंडून आधी कानडी निघतं. सोनेरावांनी एक टोप कुणाच्याच डोक्यावर ठेवला नव्हता, दोन हातांत धरून आणला होता. जुना होता तो, पिसं काळपट पडलेली. पुढच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीवर त्यांनी तो ठेवला.

"ह्ये आमचे थोरले," ते म्हणाले. "एक पान ह्यांच्याबी म्होरं वाढा."

थोरले म्हणजे देव की आजा, ते मी विचारलं नाही. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. अव्वाला तर विचारायची गरजच वाटली नाही. तिनं जंगमाचं ताट उचललं आणि त्या खुर्चीपुढं ठेवलं. "आमच्यात बी असंच वाढतात," ती कौतुकानं म्हणाली. "राख लावून आलेला माणूस माझ्या घरचाच."

निघताना सोनेराव माझ्यापुढं उभे राहिले. "सावकार, शिवेपर्यंत पोचवा आमाला. घरातलं कोणतरी चालत येतंय. तशी रीत हाय."

आता उदगीरची शीव कुठं आहे? नगरपालिकेलासुद्धा सांगता यायची नाही. फोन वाजत होता. मी म्हणालो, "टेंपो आहे ना, दारातून बसा." मंडळी बसली. सोनेराव टोप घेऊन तसेच उभे.

"मी पोचवते," अव्वा चपला शोधत म्हणाली.

"अव्वा, तुझी कंबर! ह्या उन्हात कुठं निघालीस?" मी तिला हाताला धरून आत बसवलं.

"आज न्हाई तर उद्या," ती सोनेरावांना म्हणाली. "पर मी पोचवीन. शब्द माझा."

सोनेरावांनी तिच्याकडं बघून मान डोलावली. मी हात जोडले, टेंपो गेला, आणि मी दुकानात पळालो.

३

पुढं काही दिवस विक्री तुफान होती, त्यामुळं माझ्या उशिरानंच ध्यानात आलं. सकाळी बादलीचा आवाज येत नव्हता.

थंडीमुळं असेल, असं मला वाटलं. मग दामिनीनं सांगितलं, "अहो, अव्वांनी आंघोळ सोडलीय. मी पाणी काढून देते, ते तसंच राहतं. पूजापण नाही. आणि काल सरळ भाकरी खाल्ली."

आंघोळ आणि पूजा न करता अव्वा जेवली! आमच्या घरात भिंत पडली असती तरी मी इतका हादरलो नसतो. आजारपणात ती उपाशी राहिलेली मी पाहिलीय, पण पारोशी जेवलेली नाही.

ती पुढच्या खोलीत जमिनीवर बसली होती, लाकडी खुर्चीच्या शेजारी. अंगाला आंबूस वास येत होता. मी समोर बसलो.

"अव्वा, आंघोळ का करीना?"

"पाव्हणा न्हाईना, मी कशी न्हाऊ?" ती साधेपणानं म्हणाली. "त्यांच्यात परत पोचल्याबिगर न्हात न्हाईत. पोचवलं की न्हाईन."

"कोणता पाहुणा?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. दारातल्या माणसाला कोण म्हणून विचारतात का?"

तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. गाडीत ती नेहमीसारखी मागं बसली, माझ्या पाठीमागं; पुढच्या सीटवर तिची कंबर धरते. डोक्याचा फोटो काढला, रक्त काढलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, नातीचं नाव विचारलं. अव्वानं सगळं सांगितलं, वर त्यांचं लग्न झालंय का तेही विचारून घेतलं. वयामुळं होतं असं कधीकधी, डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा.

मी ते मनापासून मान्य केलं. वयामुळं. दुसरं काय असणार?

फक्त त्या खुर्चीवर रोज थोडी राख असायची. दामिनी ती पुसायची. भस्म सांडणं आमच्या घरात रोजचंच, त्यामुळं तिला काही वाटलं नाही. एकदा मी बोटावर घेऊन पाहिली. भस्म पांढरं असतं. ही करडी होती, चुलीतली.

४

दुपारी घरी आलो की जंगमाचं ताट आता रिकामं असायचं, धुऊन पालथं घातलेलं. "जेवले," अव्वा म्हणायची. ती कुणा भिकाऱ्याला देत असेल असं मी धरून चाललो. माझं पोट मात्र कमी होऊ लागलं. दामिनीनं त्याचाही विनोद केला. मला हसू आलं नाही.

अव्वा खंगत होती. भाकरी चतकोरावर आली होती. शेजारणी आल्या की नाकाला पदर लावायच्या आणि अव्वाला ते दिसायचं, तरी ती हलायची नाही. माझी लेक सृष्टी आजीजवळ झोपायची, ती आता आमच्या खोलीत यायला लागली. "आजी खराब वास मारते" म्हणून नव्हे. "आजी गप्पा मारत बसते," ती म्हणाली, "आणि मला सरकून बस म्हणते."

एका दुपारी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. अव्वा भिंतीला टेकून डुलकी घेत होती. सृष्टी शाळेत, दामिनी गच्चीवर पापड उलटायला गेलेली. आणि चाळ वाजले. फक्त एकदा. बसलेल्या माणसानं पायावरचा पाय काढून दुसरीकडं ठेवावा, तेवढंच.

फॅन असेल, म्हणून मी वर पाहिलं. फॅन बंद होता. खालच्या गोडाऊनमध्ये भांडं सरकलं असेल, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. मग उठलो, कारण बसवेना. खुर्चीपुढचं ताट पालथं होतं. ते उचललं, आणि सवयीनं तिरकं धरलं.

त्यात माझं तोंड दिसलं, सरळ. पॉलिश चांगलं होतं. माझ्या खांद्यामागं खुर्चीची पाठ दिसत होती, आणि पाठीच्या वर, माणसाचं डोकं असतं त्याच्याही वर, काहीतरी काळपट निळं हललं.

मी वळलो नाही. ताट छातीशी धरून तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. अव्वा झोपेतच कुणाला तरी म्हणत होती, "जरा दम धरा. माझं पोरगं कामात हाय."

५

मी सोनेरावांना फोन लावला. मागं बायकांचा गलका होता. ते शेतात कापूस वेचत होते.

"सोनेराव, तुमचं काही आमच्याकडं राहिलंय का?"

"न्हाई. सामान समदं आलं." मग ते म्हणाले, "थोरले तेवढे तुमच्याकडंच हायेत. पोचवतो म्हनल्या व्हत्या आजी."

इतक्या सहज म्हणाले की मला रागच आला. "मग येऊन घेऊन जा की!"

"पाव्हण्याला आमी कसं बोलवावं, सावकार? तुमच्या घरी हाय त्यो. तुमीच पोचवायचं. मंग आमी उतरून घेऊ."

"अव्वाची तब्येत बरी नाही. मी आणलं तर चालेल?"

"हाव, चालंल की. घरातलं कोनीबी चालतंय." मग हळूच, "पर शब्द आजीचा हाय."

ते शेवटचं मी सोडून दिलं. मला अव्वा वाचवायची होती. खुर्चीत कुणी असो वा नसो, नेऊन सोडल्याचं नाटक केलं तरी तिच्या मनाचं समाधान होईल आणि ती आंघोळ करील, असा माझा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. पुढच्या खोलीत येऊन, दामिनी हसेल या भीतीनं पुटपुटत, खुर्चीला म्हणालो, "चला. पोचवतो."

अव्वा तयार होती. विंचरलेले केस, हातात पिशवी, पायात चपला.

"तू नको," मी म्हणालो. "पार किनवटच्या पुढं जायचंय. तुझी कंबर मोडेल."

"मी बोलले व्हते रे, अमऱ्या."

"माझ्यावर सोड."

मी खाली आलो. गाडीचा पुढचा दरवाजा उघडून धरला, पाहुण्याला बसायला वेळ दिला, लावला. वर पाहिलं तर अव्वा जिन्याच्या पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. माझ्याकडं बघत नव्हती.

जळकोटच्या अलीकडं गाडी टिंगटिंग करायला लागली. गाडी नवीन आहे. कुणी पट्टा लावला नाही की आठवण करून देते. पुढच्या सीटचं असेल म्हणून पाहिलं. नव्हतं. मागच्या सीटचा दिवा लागला होता, माझ्या पाठीमागच्या.

पाहुण्याला मागं बरं वाटत असेल, असं मनाशी म्हणालो. मग स्वतःलाच हसलो, बिघाड आहे म्हणालो, आणि थांबून तो पट्टा लावून टाकला. विष्णुपुरी गेली, नांदेड गेलं, भोकर गेलं. गाडी पुन्हा वाजली नाही. आरशात मात्र मी पाहिलं नाही.

६

सोनेरावांच्या गुड्याच्या, म्हणजे पाड्याच्या, अलीकडं डांबर संपतं. तिथं मोहाच्या झाडाखाली ते आणि त्यांची बायको मोतूबाई उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मी उतरलो. मोतूबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं. मग गाडीचा मागचा दरवाजा उघडला.

"आजी, लई दमल्या का वं?" त्या म्हणाल्या, आणि खाली मातीवर पाणी घातलं. मग एक हात कोपराखाली धरल्यासारखा पुढं करून, सावकाश, कंबर दुखणाऱ्या बाईला चरीवरून ओलांडून न्यावं तशा चालत त्या झाडाखाली गेल्या. तिथं त्यांनी गोधडी अंथरली.

"अव्वा आलेली नाही," मी म्हणालो. "मी तिला घरी ठेवून आलोय."

मोतूबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. "डबी लई चांगली हाय आजी तुमच्या गळ्यातली," त्या गोधडीकडं बघून म्हणत होत्या. "चांदीची हाय जनू."

सोनेराव पुढच्या सीटमध्ये वाकून बघत होते. "आन् थोरले कुठंयत?"

"आणलेत की," मी म्हणालो.

त्यांनी दरवाजा हळूच लावला.

आणि माझा फोन वाजला. दामिनी होती, हसत होती आणि रडतही होती. "अहो, अव्वा न्हाल्या! तुम्ही गेल्यावर पायरीवर झोप लागली त्यांना. उठल्या त्या सरळ न्हाणीत. आता दोन भाकरी खाल्ल्या. अगदी ठणठणीत आहेत!"

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. समोर काय चाललंय, ते बघायची मला इच्छाच राहिली नाही. बायामाणसांचा भाबडेपणा म्हणून मी तिकडं पाठ केली. मला घरी जायचं होतं, अव्वाला बघायचं होतं.

"जेवून जा, सावकार," सोनेराव म्हणाले. "निघताना आमी दोघास्नी शिवेपर्यंत पोचवतो."

"पुन्हा कधीतरी. घाई आहे," मी म्हणालो, आणि गाडी वळवली.

७

अव्वाची तब्येत आता उत्तम आहे. लातूरचे डॉक्टरही खूश झाले. रंग उजळलाय, जिना चढताना कंबर धरत नाही, सृष्टी तिच्याजवळ झोपते. दामिनी म्हणते, देवानं ऐकलं.

ती आता जंगमाचं ताट वाढत नाही. त्या लाकडी खुर्चीवर बसून स्वतःच पहिलं जेवते. शेजारीण आली तर "या" म्हणते. "बर्री" मी तेव्हापासून ऐकलेलं नाही. आणि तिच्या गळ्यात डबी नाही.

दामिनीनं घर उलथंपालथं केलं. अव्वाला विचारलं, तर ती म्हणाली, "असंल कुठंतरी." आमच्यात लिंग हरवलं तर माणूस अन्न सोडतो. ती पुन्हा भाजी मागत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी गच्चीवर जाऊन सोनेरावांना फोन केला.

"आजी बऱ्या हायेत," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "जेवतात. तुमची वाट बघून राहिल्या."

"मी आत्ता निघतो. घेऊन येतो तिला."

"एकले येऊन कसं जमंल, सावकार? तवा तुमी तसेच निघून गेले. आता दिवाळीत दंडार निघंल, तवा आमी आनून पोचवू आजीला. तुमी तवर तिकडल्या पाव्हण्याला बरं बघा. आन् ह्या बारीला नीट पोचवा. चालत."

दिवाळीला अजून बरेच दिवस आहेत. घरातली स्टीलची ताटं मी दुकानात नेऊन ठेवली आणि मेलामाइनची आणली, फुलांची. भांड्याच्या दुकानदाराच्या घरी प्लॅस्टिक, म्हणून पाहुणे चेष्टा करतात. करू देत. त्या ताटांत कुणाचंच तोंड दिसत नाही.

आणि रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन फोन लावतो. सोनेराव काही विचारत नाहीत. फोन हातात धरून घरामागच्या न्हाणीकडं चालत जातात, इतकंच. मी कान लावून उभा राहतो. खाली आमच्या न्हाणीत त्याच वेळेला पाणी पडत असतं, पहिल्या तांब्यापासून सरळ अंगावर. फोनमध्ये मात्र आधी काठावर तांब्या वाजतो. टणटण. मग पाणी.

"अमरेश," खालून हाक येते, "कुणाशी बोलतोस?"

अव्वानं मला उभ्या जन्मात अमरेश म्हटलेलं नाही.

"दुकानाचा फोन आहे," मी म्हणतो.